डेस्कटॉपचं कॅबिनेट थंड करायचंय? आधी मोजा, मग कापा

संगणक तापतोय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "आणखी एक फॅन लाव." सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. पुढून हवा आत यायला वाटच नसेल तर तिथे तीन फॅन लावा नाहीतर सहा, ते आतली तीच गरम हवा घुसळत बसणार. कॅबिनेटमध्ये बदल करणं म्हणजे मुख्यतः हवेची अडलेली वाट मोकळी करणं. ती नेमकी कुठे अडली आहे हे पत्रा कापण्याआधी शोधता येतं आणि त्याला जवळपास काहीच खर्च नाही. म्हणून या लेखात ड्रिल बरंच उशिरा हातात येईल.

हवा लागते तरी किती?

हिशेब सोपा आहे. संगणक जितकी वीज खातो तितकी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती वाहून न्यायला दर तासाला किती घनमीटर हवा लागेल हे काढायचं तर वॅटला ३ ने गुणा आणि आतली हवा खोलीपेक्षा जितके अंश जास्त तापलेली चालेल त्या आकड्याने भागा. खेळ चालू असताना ४०० वॅट आणि १० अंशांची सूट धरली तर उत्तर येतं ताशी १२० घनमीटर.

१२० मिमीचा साधा फॅन मोकळ्यावर ताशी ८० ते १०० घनमीटर हवा सहज फेकतो. म्हणजे कागदावर दोन फॅन पुरे. मग तरीही कॅबिनेट का तापतं? कारण खोक्यावरचा तो आकडा फॅनसमोर काहीही आड नसतानाचा असतो. पुढे काच, मग फिल्टर, मग भोकं पाडलेला पत्रा असं एकामागून एक आलं की प्रत्यक्ष हवा त्याच्या निम्म्यावरही येऊ शकते. फॅनमागच्या जाळीचंच बघा. ३ मिमीची भोकं एकमेकांपासून ४.५ मिमी अंतरावर, मधमाशीच्या पोळ्यासारखी पाडली असतील तर मोकळी जागा भरते फक्त ४० टक्के. बाकीचा ६० टक्के पत्रा हवा अडवतो आणि वर आवाजही करतो.

"गरम हवा वर जाते, म्हणून फॅन वरच हवा" हेही फार ऐकू येतं. गरम हवा वर जाते हे खरं, पण इतक्या हळू की एका मंद फॅनपुढेही त्या ओढीचा टिकाव लागत नाही. वरच्या बाजूचा फॅन उपयोगी पडतो तो प्रोसेसरच्या कूलरजवळ असतो म्हणून.

पायरी १: आहे तसं मोजा

तापमान दाखवणारा एखादा प्रोग्रॅम टाका. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो चांगला आहे, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. मग असा एखादा खेळ किंवा काम चालू करा ज्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही राबतील. फक्त प्रोसेसरला दमवणाऱ्या चाचण्या इथे फसवतात, कारण कॅबिनेटमध्ये सगळ्यात जास्त उष्णता सहसा ग्राफिक्स कार्ड ओततं. अर्धा तास चालू द्या. पहिल्या पाच मिनिटांतले आकडे सोडून द्या. कूलरचा धातू आणि आतली हवा तापायला वेळ लागतो.

चार गोष्टी लिहून ठेवा: खोलीचं तापमान, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान, दोघांचा घड्याळवेग (क्लॉक स्पीड, म्हणजे ते किती वेगाने काम करतात) आणि फॅनचे दर मिनिटाचे फेरे. खोलीचं तापमान लिहायला बहुतेक जण विसरतात आणि मग सगळी मोजणी वाया जाते. सकाळी खोली २४ अंशांवर आणि दुपारी ३१ वर असेल तर हा ७ अंशांचा फरक जवळजवळ तसाच आतल्या आकड्यांत उतरतो. म्हणून नेहमी वजाबाकी करून बघायचं: आतलं तापमान उणे खोलीचं तापमान.

घड्याळवेग लिहायचं कारण वेगळं. आताचे प्रोसेसर मर्यादा येईपर्यंत स्वतःहून वेग वाढवत राहतात. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. असा प्रोसेसर मर्यादेला टेकलेला असेल तर कॅबिनेट सुधारल्यावरही तापमान ९५ च दिसेल, वेग मात्र वाढलेला असेल. वेग नोंदवलाच नसेल तर "काहीच फरक पडला नाही" असं वाटून तुम्ही हात टेकाल.

पायरी २: दोष कुठे आहे ते पकडा

आता तीच चाचणी पुन्हा, एका वेळी एकच गोष्ट काढून. आधी पुढचं पॅनेल काढून. मग ते परत लावून बाजूचं झाकण काढून. मग वरचा फिल्टर काढून.

पुढचं पॅनेल काढल्यावर ७-८ अंश उतरले तर पॅनेल हवा कोंडतंय. काम तिथेच आहे. बाजूचं झाकण काढल्यावर फक्त ग्राफिक्स कार्ड निवलं आणि प्रोसेसर होता तिथेच राहिला, तर कार्डाला ताजी हवा मिळत नाही. काहीही काढलं तरी २-३ अंशांपलीकडे फरक नसेल तर कॅबिनेट निर्दोष आहे. मग कूलर नीट बसलाय का, त्याच्या पात्यांत धूळ आहे का, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी थर्मल पेस्ट वाळलीय का हे बघा आणि हा लेख इथेच बंद करा.

झाकण काढल्यावर तापमान वाढलेलंही दिसेल कधी कधी. घाबरू नका. पुढून मागे नीट वाहणारी हवा झाकण निघाल्यावर मधूनच फुटून बाहेर जाते, एवढाच त्याचा अर्थ. वाट चांगली असल्याची ती खूणच समजा.

आणखी एक चाचणी टिश्यू पेपरच्या पट्टीची. बोटभर रुंद पट्टी घ्या आणि कॅबिनेट चालू असताना बाहेरून प्रत्येक फटीजवळ धरा. पट्टी आत ओढली जाते की बाहेर उडते? मागे कार्ड बसवायच्या खाचा, म्हणजे स्लॉट असतात त्यांच्या पट्ट्यांमधून, झाकणाच्या कडेने सगळीकडून आत ओढली जात असेल तर बाहेर फेकणारे फॅन जास्त झालेत, आणि फिल्टर नसलेल्या त्या फटींतून धूळही आत येतेय. आत येणारी हवा बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा जराशी जास्त असावी, हे धुळीच्या दृष्टीने बरं.

पायरी ३: न कापता होण्याजोगं सगळं आधी

फॅनची दिशा तपासा. हसू नका, उलटा बसवलेला फॅन फार सर्रास सापडतो. ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते.

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पुढच्या फॅनच्या कडेला, पॅनेल आणि सांगाड्याच्या मधे मोकळी जागा असते. फॅन हवा आत ढकलतो, समोर गर्दी दिसली की तीच हवा त्या कडेच्या जागेतून मागे फिरते आणि पुन्हा फॅनच्या तोंडाशी येते. फॅन फिरतोय, आवाज येतोय, आणि हवा मात्र गोल गोल. उपाय: फोमच्या चिकट पट्ट्या किंवा कापून बसवलेला पुठ्ठा. फॅनची चौकट सोडून पुढची प्रत्येक भोकं-फट बुजवा. जिथे फॅन बसवलेलाच नाही अशी रिकामी जागाही बंद करा. अर्धा तास लागतो, आणि पुष्कळदा एका नव्या फॅनपेक्षा जास्त फरक पडतो.

ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या काढून टाका किंवा जाळीच्या लावा, म्हणजे गरम हवेला मागून वाट मिळते. पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा असेल आणि वापरात नसेल तर काढा. बरेच पिंजरे स्क्रूंवर असतात, जुने रिव्हेटवर, म्हणजे पत्रे कायमचे जोडणाऱ्या खिळ्यांवर. रिव्हेट काढायचं तर त्याच्या मधोमध त्याच्या दांड्याइतक्या जाडीचं ड्रिल चालवायचं. पण ते पुढच्या पायरीतली काळजी घेऊनच.

पुढचं पॅनेल बंदिस्त असेल तर त्याच्या मागे १० ते १५ मिमीचे ठोकळे लावून ते पुढे सरकवून बघा. दिसायला विचित्र दिसेल, पण चारही बाजूंनी हवेला वाट मिळते. एवढ्याने भागलं तर पॅनेल कापायची गरजच नाही.

आणि जिथे नवा फॅन लावायचा विचार आहे तिथे आधी खोटा प्रयोग करा. बाजूच्या झाकणाच्या जागी त्याच मापाचा जाड पुठ्ठा कापा, त्यात फॅनचं भोक पाडा, फॅन टेपने बसवा आणि पुठ्ठा कॅबिनेटवर चिकटवून चाचणी घ्या. ग्राफिक्स कार्ड ५ अंशांनी उतरलं तर पत्रा कापण्याला अर्थ आहे. एका अंशाने उतरलं तर पुठ्ठा रद्दीत टाका. झाकण शाबूत राहिलं.

पायरी ४: कापण्याआधी

तीन गोष्टी आधीच सांगतो. बाजूची काच टफन्ड असेल तर तिला ड्रिल लावायचं नाही. एका भोकापायी अख्खी काच चुरा होऊन खाली येईल. ॲक्रिलिक असेल तर हळू फिरणाऱ्या ड्रिलने चालतं. दुसरं, पॉवर सप्लाय उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत जिवावर बेतेल इतका भार राहू शकतो. तिसरं, संगणक तयार विकत घेतलेला आणि वॉरंटीत असेल तर कॅबिनेट कापल्याचा त्यावर काय परिणाम होतो ते आधी वाचा.

कॅबिनेट पूर्ण रिकामं करा. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, डिस्क, केबल, सगळं बाहेर. "फक्त वरचा पत्रा तर कापायचाय, मदरबोर्डावर कापड टाकतो" हा मोह होतोच. लोखंडाचा कीस केसाएवढा बारीक असतो, कापडाखाली शिरतो, कुठल्यातरी कनेक्टरमध्ये जाऊन बसतो आणि काही महिन्यांनी एक दिवस शॉर्ट करतो. कापायचा भाग सुटा होत असेल तर तो वेगळ्या खोलीत नेऊन कापा.

डोळ्यांवर गॉगल हवाच. कापलेला पत्रा उचलताना जाड हातमोजे घाला, पण ड्रिल फिरत असताना सैल हातमोजे नकोत. ते बिटात गुंडाळले जातात आणि सोबत बोटही जातं.

पायरी ५: आखणी

साधारण फॅनची जाडी २५ मिमी असते. आत तेवढी जागा आहे का ते सामान काढण्याआधीच मोजून ठेवा: वरच्या पत्र्याखाली मदरबोर्डाचे हीटसिंक (उष्णता सोडणारे धातूचे ठोकळे) आणि वीजजोडणीचे कनेक्टर, बाजूला प्रोसेसरच्या कूलरचं टोक, खाली केबल. सगळं सुटं केल्यावर जागा भरपूर दिसते आणि आखणी बिनधास्त चुकते.

मापं अशी. १२० मिमी फॅनच्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी, १४० मिमीचं १२४.५, ९२ चं ८२.५ आणि ८० चं ७१.५. मधलं गोल भोक १२० च्या फॅनला ११४ ते ११६ मिमी, १४० च्या फॅनला १३३ च्या आसपास. पण आकड्यांवर विसंबू नका, तुमचाच फॅन कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा आणि ताळा करा.

पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. रंग टवके उडण्यापासून वाचतो आणि रेघही दिसते. १०५ मिमीचा चौरस आखा, दोन्ही कर्ण काढा. ते छेदतात तो मध्य. तिथून कंपासने गोल. चार कोपरे आणि मध्य अशा पाचही बिंदूंवर सेंटर पंच (खूण पाडायचं टोकदार लोखंडी हत्यार) ठेवून हातोडीचा एकेक हलका ठोका द्या. हा खळगा नसेल तर बिट घसरतं आणि रंगावर कायमची नक्षी काढतं.

पायरी ६: भोक

स्क्रूंची चार छोटी भोकं आधी. मोठं भोक पडलं की पत्रा लवचीक होतो आणि छोट्यांची जागा हलते. आधी ३ मिमीचं बिट, मग ४.५ मिमीचं. पत्र्याखाली लाकडी फळी घट्ट आवळलेली असू द्या.

मोठ्या भोकासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, ११४ मिमीचा बायमेटल होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची, कडेला दात असलेली पेल्यासारखी गोल करवत. भोक अचूक आणि गोल येतं, पण धीर हवा. कॅबिनेटचा पत्रा सहसा ०.६ ते १ मिमी जाडीचा. होल सॉ आरपार जाण्याच्या क्षणी दात पत्र्यात अडकतात आणि ड्रिल मनगटाला जबर हिसका देतं. म्हणून पत्रा दोन फळ्यांमध्ये दाबून धरायचा, ड्रिल शक्य तितकं हळू, बाजूचा दांडा दुसऱ्या हातात, मधून मधून तेलाचा थेंब. ड्रिलवर भार टाकायचा नाही, दात आपलं काम करतात.

दुसरा, जिगसॉ, म्हणजे वरखाली हलणाऱ्या पात्याची विजेची करवत. गोलाच्या आत रेघेला लागून १० ते १२ मिमीचं भोक पाडा, त्यातून पातं घाला. धातूचं, बारीक दातांचं पातं हवं. एका इंचात २४ च्या आसपास दात असलेलं. जिगसॉच्या बुडालाही टेप लावा, नाहीतर रंगावर ओरखडे उठतात. रेघेच्या १ मिमी आतूनच कापा, उरलेलं कानसीने. छोट्या फिरत्या कटरच्या चकतीनेही कापता येतं, पण ठिणग्या उडतात, कडेचा रंग जळतो आणि चकती तुटून उडू शकते. नवख्याने मोठ्या गोलाकरिता त्याच्या नादी लागू नये असं माझं मत.

फॅनमागच्या पत्र्यातच ठोकून पाडलेली जाळी उडवायची असेल तर यातलं काहीच लागत नाही. मजबूत कटिंग प्लायरने एकेक दांडी तोडत गोल फिरा, मग कानस. तिथे तारेची जाळी लावा, बोटं आणि केबल सुरक्षित राहतात. कापाकापीत सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त मोबदला देणारं काम हेच.

कड गोल कानसीने घासा, मग पॉलिश पेपर. बोटाऐवजी कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे अजून धार आहे. कापलेल्या कडेवरचा जस्ताचा थर गेलेला असतो, तिथून गंज धरतो. प्राइमरचे दोन पातळ हात, मग रंग, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. वर यू आकाराची रबरी पट्टी बसवली की ओबडधोबडपणाही झाकला जातो.

कीस काढण्याची एक चांगली युक्ती: लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या कोपऱ्यांतून फिरवा, मग कचऱ्याच्या डब्यावर पिशवी उलटी करून चुंबक बाहेर ओढा; कीस पिशवीत राहतो. अॅल्युमिनियमचं कॅबिनेट असेल तर चुंबकाचा उपयोग नाही, व्हॅक्यूम आणि ओलं फडकं. पत्र्याच्या दुमडलेल्या कडांत शेवटी चिकटपट्टी दाबून बघा. ती स्वच्छ निघेपर्यंत मदरबोर्ड खोक्यातच राहू दे.

पायरी ७: जोडणी आणि वेग

नवा फॅन रबरी पिनांवर बसवला तर पत्रा थरथरत नाही. आत घेणाऱ्या फॅनवर फिल्टर हवा. नायलॉनची चुंबकी जाळी पुरते. पण फार घट्ट विणीची नको, ती पुन्हा वाट अडवते. आत घेणाऱ्या फॅनसाठी विकत घेताना स्टॅटिक प्रेशरचा आकडा बघा. जाळी आणि फिल्टरमधून हवा ओढायला तोच कामाला येतो.

मदरबोर्डाच्या फॅन हेडरची (फॅनची वायर जिथे जोडतात त्या पिनांची) मर्यादा बहुतेक ठिकाणी १ अँपियर असते. तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत बघून घ्या. फॅनच्या लेबलवरचे अँपियर बेरजेला घ्या आणि थोडी जागा राखून ठेवा, कारण सुरू होताना फॅन जास्त खातो. त्याहून जास्त फॅन असतील तर पॉवर सप्लायवरून वीज घेणारा हब लावा. ३ पिनांचा फॅन ४ पिनांच्या हेडरवर चालतो, फक्त बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरला पीडब्ल्यूएमऐवजी डीसी, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा प्रकार, करावं लागतं. नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने घोंघावत राहतो.

वेग ठरवताना हे लक्षात ठेवा: फॅनचा वेग निम्मा केला तर हवाही साधारण निम्मी होते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. उलट त्याच वेगाचा आणखी एक तसाच फॅन जोडल्याने आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबल. म्हणजे एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन हळू फिरवणं कधीही शहाणपणाचं. कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरच्या तापमानाला बांधले की ब्राउझर उघडला तरी ते उसळतात. बायॉसमध्ये प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर ठेवा, आणि सोय असेल तर त्यांना ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधा.

आता पहिल्या पायरीतली चाचणी तशीच पुन्हा: तोच खेळ, अर्धा तास, वजाबाकी. प्रोसेसरचा आकडा हलला नसेल तर घड्याळवेग आणि कूलरच्या फॅनचे फेरे बघा, सुधारणा तिथे दडलेली असते. हे आकडे लिहिलेला कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. काही महिन्यांनी वजाबाकी ४-५ अंशांनी वाढलेली दिसली की फिल्टर धुवायची वेळ झाली. हवेच्या झोताने धूळ उडवताना मात्र फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. झोताने फॅन गरागरा फिरला तर बेअरिंग खराब होतं.